वरच्या मजल्यावरची संत्री

रविवारी सकाळी कादंबरीच्या सिंकने ढेकर दिला. आधी एक, मग जरा दमाने दुसरा, आणि तिसऱ्याबरोबर जाळीतून पाणी वर आलं. आपणच ओतलेलं पाणी परत आलं असतं तर ती एवढी दचकली नसती. कार्ल्सरूहेतल्या त्या इमारतीचे पाइप तिच्या सासऱ्यांच्या वयाचे होते आणि कुरकुर करायची त्यांना सवयच होती. पण हे पाणी तिचं नव्हतं. त्यात चहाचा चोथा होता, फोडणीत काळे पडलेले कढीपत्त्याचे तुकडे होते, आणि या सगळ्यावर नारिंगी रंगाचा जाडसर कीस तरंगत होता. कादंबरीने त्यातला थोडा बोटावर घेऊन नाकाशी नेला. संत्र्याची साल. ताजी आणि दळलेली.

दळलेली साल म्हणजे बकासुर, आणि बकासुर म्हणजे अनिमेष. अनिमेष तिचा नवरा. वकिलांच्या भाषेत अजून थोडेच दिवस नवरा. तो याच इमारतीत, याच पाइपवर, तिच्या डोक्यावर दोन मजले चढून पोटमाळ्याच्या घरात एकटा राहत होता.

बकासुराची ओळख करून द्यायला हवी, कारण जर्मनीत हा प्राणी सहसा दिसत नाही. अमेरिकेत सिंकच्या भोकाखाली एक चक्की बसवलेली असते. उष्टंखरकटं भोकात ढकलायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं. घर्र आवाज होतो आणि सगळं दळून पाण्याबरोबर निघून जातं. लग्नानंतर ही दोघं कोलंबसला भाड्याच्या घरात राहिली तेव्हा अनिमेष या यंत्राच्या प्रेमातच पडला. पहिल्याच आठवड्यात त्याने आंब्याची कोय घालून ते बंद पाडलं, मग दिवसभर खाली झोपून दुरुस्त केलं, आणि एवढा खूश झाला की जणू इंजिनियरिंगची पदवी त्याला त्या दिवशी मिळाली. बकासुर हे नाव कादंबरीने ठेवलं. यंत्राला वास यायला लागला की लिंबाची साल टाकायची, ही युक्तीही तिचीच. रात्रीची भांडी झाली की ती पिळलेल्या लिंबाची साल आत टाकायची, तो बटण दाबायचा, आणि स्वयंपाकघरभर लिंबाचा वास पसरायचा. त्या वेळेला दोघं काही बोलत नसत. दिवसातली तीच वेळ तिला सगळ्यात आवडायची.

"एक साल पुरे," ती त्याला बजावायची. "जास्त टाकल्यास की दोरे होतात आणि पाइप तुंबतो."

अमेरिका सोडून जर्मनीत यायचं ठरलं तेव्हा लोकांनी टीव्ही आणले, व्हॅक्यूम क्लीनर आणले. अनिमेषने नवा कोरा बकासुर विकत घेतला आणि कादंबरीच्या दोन पैठण्यांत गुंडाळून बॅगेत घातला. इथली वीज वेगळी, म्हणून त्याच्या दिमतीला विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. इथलं सिंकचं भोक लहान, म्हणून ते मोठं केलं. सिंकमध्ये अन्न टाकायचं नाही असं भाडेकरारात स्पष्ट लिहिलेलं होतं, तर त्यावर अनिमेषचं म्हणणं असं की दळल्यावर ते अन्न राहत नाही. आणि वेगळं होताना या माणसाने घरातून काय न्यावं? सोफा नाही, मिक्सर नाही, लग्नाचा अल्बमसुद्धा नाही. सिंकखाली झोपून त्याने बकासुर सोडवला आणि कडेवर मूल घ्यावं तसा वर घेऊन गेला. त्या दिवशी कादंबरीला रडू येण्याआधी राग आला होता.

ती दोघं वेगळी झाली त्याला भांडण असं कारण नव्हतंच. अनिमेषची आई मिरजेत वारली तेव्हा त्याच्या परमिटचे कागद आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, अडकलेले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. आईचे अंत्यविधी त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. त्यानंतर तो बोलायचा थांबला. विचारलं की "ठीक आहे" म्हणायचा. कादंबरीने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, ताट आपटून पाहिलं. तो ठीकच होता. शेवटी मागच्या फेब्रुवारीत ती वैतागून म्हणाली, "असंच राहायचं असेल तर वेगळं राहिलेलं काय वाईट?" याला नवऱ्याने काय म्हणावं हे कुणालाही कळेल. वेडी आहेस का, असं म्हणावं. अनिमेषने रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा घेताना म्हणाला, "तू म्हणतेस तसं करू या."

एरवी कार्ल्सरूहेत घर मिळणं म्हणजे देव भेटणं. पण नेमकं त्याच आठवड्यात पोटमाळ्यावरचं घर रिकामं झालं आणि ते यांना मिळालं. मग वकीलबाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर ट्रेनुंग्सयार आलं. जर्मन कायदा घटस्फोट द्यायच्या आधी नवरा-बायकोला वर्षभर वेगळं राहायला लावतो. विचार करा म्हणतो. ते वर्ष पुढच्या महिन्यात संपत होतं, आणि येत्या गुरुवारी कादंबरीला वकीलबाईंकडे जाऊन अर्ज करायचा की नाही ते सांगायचं होतं.

तिला अर्ज करायचा नव्हता. तिला अनिमेष हवा होता. एवढं साधं होतं ते. पण जा असं ती म्हणाली होती, आणि जाऊ नको म्हणायची पाळी त्याची होती, निदान येऊ का असं विचारायची तरी. तो विचारत नव्हता. तिला आपणहून बोलवता येत नव्हतं. स्वाभिमान म्हणा, हट्ट म्हणा, पण सोफ्यावर एकटीने जेवताना या दोन्हींची चव सारखीच लागते.

घरी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, ही आणखी एक गंमत. दर रविवारी मिरजेहून बाबांचा, म्हणजे अनिमेषच्या वडिलांचा, व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्या जरा आधी अनिमेष जिना उतरून यायचा, सोफ्यावर तिच्या शेजारी बसायचा, तिने दिलेला चहा आपल्या जुन्या कपातून प्यायचा. बाबा दोघांना एका चौकटीत बघून समाधान पावायचे. कॉल संपला की संसारही संपायचा. आठवड्याच्या बाकी दिवसांत तो तिला फक्त ऐकू यायचा. संध्याकाळी ती भांडी घासायला घेई तेव्हा भिंतीच्या आतून घर्र असा आवाज उतरत येई. ती नळ बंद करून, साबणाचे हात तसेच धरून, आवाज थांबेपर्यंत उभी राही.

तर आता त्या नारिंगी किसाकडे बघताना तिला एक गोष्ट खटकली. अनिमेषला पित्ताचा त्रास. संत्र्याची एक फोड खाल्ली तर रात्रभर उशीला टेकून बसून काढणारा माणूस. वरच्या घरात एवढी संत्री खात कोण होतं?

उत्तर तिला फार शोधावं लागलं नाही. त्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये उर्जा नावाची नवी मुलगी पीएचडीला आली होती. मागच्या रविवारी बाबांशी बोलताना त्याने तिचं नाव घेतलं होतं, आणि तेही दोनदा. उर्जा नागपूरची होती. नागपूरची म्हणजे संत्री आलीच. कोर्टात हा पुरावा टिकला नसता, पण कादंबरीला तो पुरेसा होता. सिंकच्या काठाला धरून ती बराच वेळ उभी राहिली. आत काहीतरी खाली खाली जात होतं, आणि पाणी मात्र जागचं हलत नव्हतं.

इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरला फोन केला असता तर तो प्लंबर घेऊन आला असता, प्लंबरने पाइपमधून दळलेल्या साली काढल्या असत्या, आणि अनिमेष बकासुरासकट रस्त्यावर आला असता. तिने अनिमेषलाच मेसेज केला. "सिंक तुंबलंय. तुझ्या सालींनी. खाली ये."

एरवी त्याच्या उत्तराला संध्याकाळ व्हायची. आज "आलो" असं लगेच उमटलं आणि पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजली. तिला केस सारखे करायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे तिने केले, पण वेणी अर्धीच झाली.

तो दारात उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तळघरातून आणलेली, तुंबलेल्या पाइपात घालायची लांब स्प्रिंग. बूट काढून त्याने रॅककडे पाहिलं. त्याचा खालचा कप्पा रिकामा होता. वर्षभरात तिने तिथे काही ठेवलं नव्हतं. बूट त्याने बाहेर पायपुसण्यावरच ठेवले.

"खूप आलंय का?" त्याने विचारलं.

"बघ ना. तुझंच आहे सगळं."

सिंकमध्ये पाहिल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सॉरी."

"किती साली टाकतोस रे? एक पुरे म्हणून सांगितलं होतं मी."

"हो." त्याने बाही वर केली. "आल्झो, म्हणजे वरून पंप मारून उपयोग नाही. खाली, भिंतीतल्या वळणावर अडकलं असणार. तुझा पाइप सगळ्यात खालचा, म्हणून तुझ्याकडेच वर आलं."

"वा! म्हणजे टाकायचं तू आणि भोगायचं मी."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे कळून ओशाळला.

दोघांनी मिळून खालचं कपाट रिकामं केलं. अनिमेष पाठीवर झोपून आत शिरला, कादंबरी गुडघ्यांवर बसून टॉर्च धरू लागली. बादली ठेवून त्याने सिंकखालचा वाकडा पाइप सोडवला. गढूळ पाणी बदाबदा बादलीत पडलं. वाकड्या पाइपात काही नव्हतं. मग त्याने भिंतीतल्या भोकात स्प्रिंग सारायला सुरुवात केली आणि तिने बाहेरून स्प्रिंगची मूठ फिरवायला. त्याचे केस वाढले होते. खांद्याची हाडं शर्टातून दिसत होती. तिचा गुडघा त्याच्या कुशीला लागत होता, आणि तो तिने बाजूला घेतला नाही.

"सावकाश. अडकलं की उलटं फिरव."

"माहितीये मला." तिने दोन वेढे दिले. मग जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं. "संत्री कोण खातं?"

"अं?"

"तुला पित्त होतं. मग वर संत्री कोण खातं?"

त्याने मान वर करून उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नेमक्या त्याच क्षणी मधल्या मजल्यावरच्या फ्राऊ हॉल्झलेंनी बटाटे उकडलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं. ते सगळं भिंतीतल्या उघड्या भोकातून अनिमेषच्या छातीवर आलं. तो ओरडला, त्याचं डोकं कपाटाला आपटलं, आणि कादंबरीला एवढं हसू फुटलं की टॉर्च हातातून पडला. पाणी कोमटच होतं. तरी ती त्याच्या गळ्याला, छातीला हात लावून भाजलं का ते पाहू लागली. मग हात कुठे आहे हे लक्षात आल्यावर तिने तो काढून घेतला.

"शर्ट बदल," ती म्हणाली. "बाबांचा कॉल येईल."

"वर जाऊन येतो."

"थांब." ती झोपायच्या खोलीत गेली आणि त्याचा राखाडी टी-शर्ट घेऊन आली. तो कपाटातून आणलेला नव्हता, हे घड्यांवरून कुणालाही कळलं असतं. तो उशीखालून आला होता. अनिमेष तो डोक्यातून घालताना क्षणभर तसाच, आत तोंड ठेवून, थांबला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते, पण त्याने डोकं चोळलं आणि कपाट लागल्याचं निमित्त केलं.

तेवढ्यात फोन वाजला. सोफ्यापर्यंत जायला वेळ नव्हता. दोघं ओट्यापाशीच उभी राहिली.

"काय रे, आज स्वयंपाकघरात?" बाबांचं तोंड पडद्यावर नेहमीसारखं फार जवळ होतं.

"सिंक तुंबलंय, बाबा."

"मग दोघं मिळून काढताय? छान. आमची मोरी तुंबली की तुझी आई माझ्याशी दोन दिवस बोलायची नाही. जसा काही मीच आत बसलोय!" बाबा हसले, मग थोडा वेळ नुसतेच पडद्याकडे बघत राहिले. "कादंबरी, हा वाळलाय गं. रात्री जेवतो ना नीट?"

रात्री तो काय खातो, खातो की नाही, हे तिला कुठे ठाऊक होतं? दर रविवारी ती सराईतपणे खोटं बोलायची. आज तिच्या तोंडून खोटं निघेना. "आमटी करतो बहुतेक, बाबा," ती म्हणाली. "कढीपत्ता घालून. फोडणी जरा करपते त्याची."

अनिमेषने वळून तिच्याकडे पाहिलं.

"करपू दे, करपू दे," बाबा म्हणाले. "जेवतोय ना, मग झालं. तुम्ही दोघं एकमेकांना आहात, मला इथे काळजी नाही." आणि नेहमीसारखं बंद करायचं बटण न सापडून ते बराच वेळ छताचा पंखा दाखवत राहिले.

फोन एकदाचा बंद झाला.

"कढीपत्ता तुला कसा कळला?" त्याने विचारलं.

"सिंकमधून आला. तू काय खातोस ते मला आता सिंकमधून कळायचं! आता सांग. संत्री कोण खातं? उर्जा?"

"उर्जा?" तो खरोखर गोंधळला. "हो, म्हणजे, तिलाच द्यावी लागतात जास्त करून."

"बघ!"

"अगं, इन्स्टिट्यूटमध्ये. सोलून डब्यात नेतो आणि सगळ्यांना वाटतो. परवा ती म्हणाली, सर, प्लीज, इतकी संत्री मी नागपुरातपण खाल्ली नव्हती. आता मला बघितलं की लोक दुसऱ्या दाराने कॅन्टीनला जातात." तो ओट्याच्या कडेवर नखाने काहीतरी खरवडत होता. "मला संत्री नकोच असतात. साली हव्या असतात."

"कशाला?"

तो गप्प झाला. हे गप्प होणं तिच्या ओळखीचं होतं. यानंतर "काही नाही" यायचं, आणि त्यानंतर सगळं संपायचं. ती वाट बघत राहिली, आणि आज "काही नाही" आलं नाही.

"पाइप तुझ्या भिंतीतून खाली जातो," तो म्हणाला. "तू भांडी घासतेस त्या वेळेला मी तो सुरू करतो. मला वाटायचं, तुला ऐकू जात असेल. आधी लिंबाची टाकायचो, एकच, तू सांगितलं होतंस तशी. मग वाटलं, लिंबाचा वास एवढा खाली पोचत नसेल. संत्र्याचा पोचेल. मग एका संत्र्याची दोन झाली, दोनाची चार. म्हटलं, कधीतरी तू काहीतरी म्हणशील. निदान ओरडशील, की बंद कर तो बकासुर."

"मी नळ बंद करून ऐकायचे," कादंबरी म्हणाली.

"रोज?"

"रोज. मूर्खा, दोन जिने उतरून यायला काय झालं होतं तुला?"

"तू म्हणाली होतीस, वेगळं राहू."

"मी म्हटलं म्हणून जायचं असतं?"

"तू जे म्हणतेस ते मी खरं धरतो. मला दुसरं जमत नाही गं." त्याचा आवाज बारीक झाला. "आणि आई गेली तेव्हा तू विचारायचीस ना, बोल, बोल म्हणून. मला वाटायचं, एकदा सुरू झालो तर रडू थांबणारच नाही. तुझ्यासमोर तसं व्हायला नको. तू इतकी दमलेली दिसायचीस."

तिने मूठ हातात घेतली आणि फिरवायला लागली, कारण हातांना काहीतरी द्यायलाच हवं होतं. तो पुन्हा खाली झोपला. स्प्रिंग थोडी आत गेली, अडकली, उलटी फिरली, पुन्हा आत गेली. मग भिंतीच्या पोटात खोल कुठेतरी मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि मूठ एकदम हलकी झाली. त्याने स्प्रिंग हळूहळू बाहेर ओढली. टोकाला सालींचे लांब पिवळट दोरे गुंडाळलेले होते, सुतळीसारखे पिळलेले. वर्षभर पाइपच्या आत बसून कुणीतरी वळत असावं असे.

वाकडा पाइप त्याने परत जोडला. तिने पातेलंभर गरम पाणी ओतलं. ते सरळ, काही न बोलता निघून गेलं. मग आणखी एक पातेलं ओतलं, ते तिने उगाचच ओतलं. काम झालं होतं, आणि तो थांबायला आता काही कारण उरलं नव्हतं. दोघांनी ओटा पुसला, फरशी पुसली, जी आधीच कोरडी झाली होती तीही पुसली.

"बकासुर आजच काढून टाकतो," तो बादली उचलत म्हणाला. "पुन्हा त्रास नाही होणार तुला."

म्हणजे संध्याकाळचा आवाजही जाणार. कादंबरी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. बाहेरच्या पायपुसण्यावर बसून तो बूट घालू लागला. एक बूट चढवला, नाडी बांधली, दुसरा हातात घेतला आणि तसाच बसून राहिला.

"गुरुवारी जाणार आहेस ना?"

"हो. काय सांगू त्यांना?"

तो बुटाच्या आत बघत होता. "मी पण एका वकिलाला विचारलं होतं," तो म्हणाला. "मधे काही आठवडे एकत्र राहिलं, परत जमतंय का बघायला, तरी ट्रेनुंग्सयार मोडत नाही. कायद्यात तशी सोय आहे. मला माहीत नव्हतं. तुला होतं?"

"नाही. कधी विचारलंस?"

"मार्चमध्ये."

तो फेब्रुवारीत गेला होता. कादंबरी उंबऱ्यातच खाली बसली. मार्च. म्हणजे जाऊन पुरा महिनाही झाला नव्हता. त्यानंतर वसंत आला, बाल्कनीत बसायचे लांब दिवस आले, तिने एकटीने खिडकीशी काढलेला सगळा उन्हाळा आला. शरद गेला, थंडी आली. आणि या सबंध काळात वरच्या मजल्यावर एक माणूस परत यायची वाट कायद्यात शोधून बसला होता आणि संत्री सोलत होता.

"मार्चपासून माहीत होतं," ती म्हणाली. "आणि सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो. दर रविवारी ठरवून खाली यायचो. बाबांचा कॉल संपला की सांगायचं म्हणून. पण कॉल संपला की तू म्हणायचीस, चल, तुझी कामं असतील ना."

तिला ते शब्द आठवले. आपलेच होते. तो कप खाली ठेवायच्या आत ती म्हणायची, दर रविवारी, कारण तो आपणहून उठून गेला तर सहन होणार नाही असं तिला वाटायचं. आधी आपणच उठवलेलं बरं. किती शहाणपणाचं वाटलं होतं ते! तिने डोळे पुसले, पण पुन्हा भरले, मग तिने पुसायचं सोडून दिलं.

"अनिमेष," ती म्हणाली, "वर जाऊ नकोस."

त्याने मान वर केली. चेहऱ्यावर आनंद यायला हवा होता, पण आधी भीतीच आली. "वकील म्हणाले, थोडे आठवडेच चालतात. त्याच्या पुढे राहिलो तर वर्ष मोडतं. सगळं पहिल्यापासून मोजावं लागतं."

"मोडू दे," कादंबरी म्हणाली, आणि त्याच्या हातातला बूट काढून घेतला. "मला ते मोडलेलंच हवंय."